पथ्याचं ताट

"परत तसंच आलंय, काकू," डाएटवाली म्हणाली आणि तिनं ट्रॉलीवरच्या वरच्या ताटाचं झाकण उचलून दाखवलं.

काकूंनी मान वळवली नाही. त्या मोठ्या पातेल्यातला भात खालीवर करत होत्या. वाफेनं त्यांच्या चष्म्यावर धुकं धरलं होतं.

"साखरवाल्यांचं ना? मग येणारच. केक पाठवला असता तर झाकणंसुद्धा चाटूनपुसून आली असती."

भाजी चिरणारी बाई फिदीफिदी हसली. डाएटवाली हसली नाही. ती वयानं लहान होती, हॉस्पिटलात येऊन तिला वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि काकूंशी कसं बोलावं हे तिला अजून नीट जमलेलं नव्हतं. तिनं एकेक झाकण उचलून पाहिलं. वाफवलेला दुधी होता तसाच होता. कोरड्या पावाचे कोपरे कोणीतरी कुरतडले होते. डाळीचं पाणी तेवढं काही जणांनी प्यालं होतं.

"यांना इन्शुलिन देतात, काकू. इन्शुलिन घेतलं आणि जेवलं नाही तर..."

"लहान मुलं आहेत का ती? मी काय जाऊन भरवू?" काकू म्हणाल्या, आणि संभाषण तिथंच मिटलं.

हॉस्पिटलच्या या स्वयंपाकघरात काकूंची अर्धी हयात गेली होती. भांडी घासायला म्हणून आल्या होत्या, हळूहळू चुलीपर्यंत पोचल्या, आणि आता मोठे डॉक्टरसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय चहाचं दूध घेत नसत. साध्या ताटांवर त्यांचा जीव होता. बाळंतिणींना, हाड मोडून पडलेल्यांना, ऑपरेशन होऊन उठलेल्यांना त्या मनापासून रांधायच्या. मीठ चाखून बघायच्या, कांदा करपला तर पुन्हा टाकायच्या. पण साखरवाल्यांचा दुधी मात्र सकाळीच एकदा पाण्यात चढायचा आणि कोणाचं लक्ष गेलं की उतरायचा. त्यात मीठ नाही, तेल नाही, आणि चाखणं तर नाहीच. पथ्य म्हणजे पथ्य, असं काकूंचं म्हणणं होतं. वर्षानुवर्षं तसंच चालत आलं होतं आणि कोणी हटकलंही नव्हतं.

त्या महिन्यात काकूंनी नवे रबरी बूट घेतले होते. उजव्या टाचेला फोड आला. फुटेल, सुकेल, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. तो फुटला, पण सुकेना. चिंधी बांधून त्या उभ्या राहत होत्या. एकदा जिन्यापाशी वॉर्डच्या सिस्टरनं त्यांना लंगडताना पाहिलं. ही सिस्टर त्यांच्याच वयाची, जुनी मैत्रीण, त्यामुळे तिला नाही म्हणायची सोय नव्हती. तिनं काकूंना बाकावर बसवलं, चिंधी सोडली, जखम पाहिली आणि साखर बघायला बोटाला सुई टोचली.

"किती आली?" काकूंनी विचारलं.

"डॉक्टर सांगतील."

"तुझं तोंड बघून कळलं मला."

डॉक्टरांनी रक्ताच्या आणखी तपासण्या करवून घेतल्या. ही आजकालची गोष्ट नाही, बरेच महिने साखर वाढलेली असणार, असं ते म्हणाले. गोळ्या दिल्या, जखमेचं ड्रेसिंग रोज करायला सांगितलं, आणि म्हणाले, "औषधाचं काम औषध करेल, पण निम्मं काम जेवणाचं आहे. जेवणाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही तर तेच करता."

काकू खाली आल्या. स्वयंपाकघरात दुपारची ताटं लागत होती. बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. भाजी चिरणारीनं काही न विचारता साखरवाल्यांचं एक ताट बाजूला काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. टोमणा नव्हता तो. तिला बिचारीला दुसरं काय करावं हे सुचलं नव्हतं.

काकूंनी दुधीचा घास तोंडात घातला. चावला. इकडून तिकडे फिरवला. पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलला आणि दुसऱ्या घासाला चमचा तसाच ताटात ठेवला.

"हे कोणी केलंय?" त्यांनी विचारलं.

भाजी चिरणारी कोबीकडे बघत राहिली.

संध्याकाळी नवरा वाट बघत होता. त्याचं कुलपांचं दुकान होतं, किल्ल्या बनवायचा, अडकलेली दारं उघडून द्यायचा. तो काकूंच्या आधी घरी यायचा आणि दाट दुधाचा गोड चहा करून बटाट्याचे काप तळून ठेवायचा. दिवसभर परक्यांसाठी रांधून आलेल्या बायकोला कोणीतरी करून वाढावं, एवढाच त्याचा हेतू. दोघांच्या बोलण्याची तीच वेळ होती.

काकूंनी कप पुढे सरकवला. "नको."

"का? साखर कमी पडली?"

"जास्त झालीय. रक्तात."

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग त्यानं कापांची बशी उचलली, कुठं ठेवावी ते कळेना म्हणून पुन्हा तिथंच ठेवली.

"तुझ्या आईसारखं?"

"आईसारखंच."

"मग आता मी संध्याकाळी काय करू?" तो म्हणाला. विचारलं त्यानं अगदी साधेपणानं, पण काकूंना त्या प्रश्नाचंच रडू आलं.

काकूंच्या आईला हा आजार होता. ती चोरून गोड खायची. उशीच्या अभ्र्यात, शिवणयंत्राच्या खणात, कुठं कुठं पुड्या सापडायच्या. काकू तेव्हा तरुण होत्या, घर त्यांच्याच गळ्यात होतं, आणि आईच्या या सवयीनं त्या पिसाळायच्या. एक दिवस ताडताड चालत बाजारात गेल्या आणि स्वयंपाकघरातल्या कपाटासाठी कुलूप मागितलं. दुकानातल्या पोरगेल्या कुलूपवाल्यानं विचारलं, "कपाटात काय आहे? त्याप्रमाणे देतो." त्या म्हणाल्या, "साखर." तो हसला, पण त्यांचं तोंड बघून गप्प झाला. दोन किल्ल्या देऊ लागला तर त्या म्हणाल्या, "एकच द्या." ते कुलूप नीट बसलं नाही म्हणून तो घरी आला, मग पुन्हा आला, आणि पुढं त्याच्याशीच त्यांचं लग्न झालं. आईची आधी नजर गेली, मग पाय गेला, मग आई गेली. शेवटपर्यंत ती म्हणायची, "पोटात आग पडते गं, जेवण झालं तरी भूक जात नाही." काकूंना ते निमित्त वाटायचं.

आता गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात, दुधी आणि कोरडा पाव खाऊन, दुपारी चुलीपुढं उभ्या असताना काकूंच्या पोटात तशीच आग पडली. साखरेच्या डब्याकडे हात कधी गेला ते त्यांना कळलं नाही. डब्याचं झाकण हातात धरून त्या उभ्या राहिल्या. मग झाकण घट्ट लावलं आणि मागच्या अंगणात जाऊन बसल्या.

त्या आठवड्यातच वॉर्डात तो प्रकार झाला.

खिडकीजवळच्या पलंगावर एक म्हातारे गृहस्थ होते. आयुष्यभर त्यांनी फुटबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून काम केलं होतं, त्यामुळे सगळा वॉर्ड त्यांना पंचच म्हणायचा. डाव्या पायाच्या बोटांना जखम होऊन ते दाखल झाले होते. काळी पडलेली बोटं काढावी लागणार हे ठरलं होतं. साखर उतरल्याशिवाय सर्जन हात लावायला तयार नव्हते, आणि उशीर झाला तर बोटांवर निभावणार नव्हतं, पाऊलच जाणार होतं. दुपारी त्यांना इन्शुलिन दिलं. ताट आलं, ताट गेलं, रिकामं गेलं म्हणून सिस्टर निर्धास्त राहिली. तासाभरानं शेजारच्या पेशंटनं हाक मारली. पंच घामानं निथळत होते, हात थरथरत होते, सिस्टरला ओळखत नव्हते. साखर एकदम खाली गेली होती. ग्लुकोज दिल्यावर हळूहळू शुद्धीवर आले. मग त्यांच्या कपाटाचं दार उघडलं तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला दुधी आणि पाव.

सिस्टर खाली येऊन हे सांगून गेली. काकूंनी ऐकलं, एप्रनला हात पुसले आणि जिना चढू लागल्या. पेशंटपाशी त्या कधीच जात नसत. वॉर्डाचा वास त्यांना आईची आठवण करून द्यायचा.

"तुम्ही पंच ना?"

"मी. आपण?"

"मी खाली स्वयंपाक करते."

पंचांनी उशीवर थोडं वर सरकून बसायचा प्रयत्न केला. समोरची बाई भांडायला आली आहे असं त्यांना वाटलं असावं. "हे बघा, माझं चुकलं. टाकायला नको होतं."

"जेवला का नाहीत?"

"तुम्ही कधी जेवलाय ते?"

"आठवडाभर तेच जेवतेय. मलाही हाच आजार झालाय."

"मग?"

"मग काय. तुम्ही शहाणे निघालात, मी खात बसले."

पंचांना हसू फुटलं. काकू पलंगाशेजारच्या स्टुलावर बसल्या. जरा वेळानं पंच म्हणाले, "तुम्हाला दोष देत नाही. पण सांगू का, ते ताट आलं ना, की वाटतं, आपण काहीतरी गुन्हा केलाय. शेजारच्याचा पाय मोडलाय, त्याच्या ताटाचा घमघमाट. आणि आपल्यापुढं हे. मी मैदानावर कितीजणांना बाहेर काढलं, पण चूक दाखवून काढलं. इथं कोणी चूकही सांगत नाही."

काकूंनी स्टूल मागे सरकवलं. त्या उठल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "उद्या टाकू नका. आवडलं नाही तर निरोप पाठवा, मी वर येईन."

खाली येऊन त्यांनी डाएटवालीला बोलावलं. "बस इथं," म्हणाल्या. "आणि मला पहिल्यापासून सांग. काय चालतं, काय नाही चालत. मी अडाणी आहे असं समजून सांग."

"काकू, मी काय तुम्हाला..."

"लाजू नकोस. मला खायचंय हे आता रोज."

ती बसली. सुरुवातीला घाबरत बोलली, मग तिला रंग चढला. ताटाचा अर्धा भाग भाजीचा, तिनं बोटानं ओट्यावर गोल काढून दाखवलं. उरलेल्या अर्ध्यात एकीकडे डाळ, सुका घेवडा, अंडं किंवा मासा, आणि दुसरीकडे भात किंवा पाव, तोही कोंड्यासकट दळलेल्या पिठाचा. फळ चालतं, पण चावून खायचं, रस काढून प्यायचं नाही. वेळ चुकवायची नाही. तेल बेतानं, पण बंद नाही.

"आणि मीठ?"

"ज्यांना रक्तदाब किंवा किडनीचं दुखणं आहे त्यांना फारच कमी. बाकीच्यांनाही जपूनच. पण अळणी कोणी सांगितलं?"

"मग इतके दिवस मला हे कोणी बोललं का नाही?"

डाएटवालीनं खाली पाहिलं. "मी रोज यायचे ती ताटं मोजायला. चव मीही घेतली नाही कधी."

काकू म्हणाल्या, "चल, दोघी सारख्याच. घेवडा भिजत घाल."

पुढचे दिवस गमतीचे होते. लसूण बारीक चिरून थोड्या तेलात परतायची, त्यात भिजवून शिजवलेला घेवडा, वरून लिंबू. कोबीच्या जाड फोडी मिरपूड लावून भट्टीत भाजायच्या, कडा तपकिरी होईपर्यंत. गाजर, फरसबी कुरकुरीत ठेवायची. काकू आधी स्वतः जेवायच्या, मग दोन तासांनी सिस्टर बोट टोचायची. एकदा मका आणि बटाटे घालून त्यांनी असं काही सूप केलं की भाजी चिरणारी दोनदा वाटी घेऊन आली. दोन तासांनी काकूंचा आकडा बघून सिस्टर म्हणाली, "हे काय खाल्लंस बाई?" दुसऱ्या दिवशी मका गेला, बटाटा गेला, त्यांच्या जागी फुलकोबी आणि डाळ आली. सूप तेवढं चांगलं झालं नाही, पण बरं झालं.

घरी नवऱ्यानंही मनावर घेतलं होतं, मात्र त्याच्या पद्धतीनं. पहिल्या दिवशी म्हणाला, "तुझा चहा बिनसाखरेचा, माझा गोडच. एका घरात दोघांनी तोंड वाकडं करायला नको." काकू हो म्हणाल्या. चारपाच दिवसांनी त्यांनी पाहिलं तर तो आपल्या कपातही साखर घालत नव्हता.

"अहो, तुम्ही का सोडली?"

"सोडली कुठं, विसरलो." एक घोट घेऊन त्यानं औषध प्यावं तसं तोंड केलं. "सवय होईल म्हणतात. कोणाला होते कोण जाणे."

बटाट्याच्या कापांऐवजी तो आता चणे भाजायचा. पहिल्यांदा कोळसा केला. दुसऱ्यांदा दातांना आव्हान होतं. मग जमले. त्यावर कांदा, काकडी, लिंबू घालून तो बशी पुढे करायचा आणि काकूंच्या तोंडाकडे बघत बसायचा. चणे खाऊन दोघं फिरून यायची. काकूंची टाच भरत आली होती, पण त्या जपून चालायच्या आणि तोही त्यांच्या चालीनं चालायचा.

एकदा चालता चालता काकू म्हणाल्या, "ते कपाटाचं कुलूप आठवतं?"

"माझं पहिलं वाईट कुलूप. कसं विसरेन."

"ती भुकेली असायची हो. मला वाटायचं हावरी आहे."

नवरा चालायचा थांबला. मग म्हणाला, "तेव्हा आपल्याला कोणाला काय माहीत होतं? डॉक्टरनंही गोड बंद एवढंच सांगितलं होतं. काय खा, ते कोणी सांगितलं नव्हतं."

काकूंनी मान हलवली. बरं वाटलं असं नाही, पण हे कोणाला तरी बोलून झालं होतं.

वॉर्डातून ताटं आता वेगळी येऊ लागली. सगळी रिकामी यायची असं नाही. दाराजवळच्या एक आजी घेवडा न चुकता परत पाठवायच्या, त्यांच्या नावानं वेगळा मासा जाऊ लागला. एकजण कोबीला नावं ठेवायचा आणि संपवायचा. पंचांकडून रोज निरोप यायचा. "आज लिंबू जास्त." "आज बरोबरी." "आज तुमचा विजय." ते वेळेवर जेवत होते, इन्शुलिनचा मेळ बसत होता, आणि सिस्टरच्या तोंडावरून काकूंना कळत होतं की आकडे उतरतायत. एका सकाळी सर्जननं तपासलं आणि ऑपरेशन ठरवलं.

त्या दिवशी काकूंनी भाजी दोनदा करपवली. दुपारी डाएटवाली जिना उतरून आली, आणि तिचं चालणं बघूनच काकूंनी हातातला झारा खाली ठेवला.

"दोन बोटं गेली, काकू. पाऊल वाचलं."

काकू म्हणाल्या, "बरं." मग पुन्हा म्हणाल्या, "बरं झालं," आणि कांदा नसतानाच डोळे पुसले.

जखम भरायला वेळ लागला. पण ती भरत होती, आणि पंचांना घरी जायचा दिवस आला. त्या दुपारी ते कुबडी टेकत टेकत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. एका पायात बूट, दुसऱ्याला पट्टी. इकडे पेशंट कधी येत नसत. भाजी चिरणारी उठून उभी राहिली.

"हे मैदान बघायचं राहिलं होतं," ते म्हणाले.

काकूंनी स्टूल पुढे ओढलं. दुपारचं जेवण तयारच होतं. त्यांनी ताट वाढलं, अर्धं भाजीचं, बाजूला घेवडा, एका कोपऱ्यात भात. पंच जेवले. गप्पा न मारता, मन लावून जेवले. मग ताट थोडं पुढे करून म्हणाले, "आणखी थोडं वाढा."

या ताटातलं आणखी काही कोणी मागितलं नव्हतं आजवर. काकूंच्या हातातली पळी भाताच्या पातेल्याकडे गेली, तिथं क्षणभर थांबली आणि परत फिरली.

"भात नाही मिळणार," त्या म्हणाल्या. "कोबी देते."

"अपील चालणार नाही?"

"नाही."

"द्या मग कोबी."

कोबी संपवून त्यांनी तोंड पुसलं, रुमालाची नीट घडी केली. त्यांचा जावई गाडी घेऊन अंगणात आला होता. तो हात द्यायला पुढे झाला, पण पंचांनी मानेनंच नको म्हटलं. कुबडी आधी, मग पट्टीचा पाय, मग बूट, असे ते अंगण ओलांडू लागले. भाजीची गाडी रिकामी होत होती, वाटेत फुलकोबीची पोती पडली होती. ते पोत्यांना वळसा घालून गेले, घाई न करता. जावई मागून, हात नुसतेच तयार ठेवून, चालत राहिला.

काकू दारात उभ्या होत्या. पंच गाडीपर्यंत पोचले, दार स्वतः उघडलं, आधी बसले आणि मग दोन्ही हातांनी तो पाय उचलून सावकाश आत घेतला.